वाशातले पीठ

घराच्या लाकडाला लागणाऱ्या किडींत वाळवीचे नाव पहिले निघते. वाळवी जमिनीतून येते, मातीच्या नळ्या बांधत चढते आणि तिची वाट भिंतीवर दिसते. भुंगेरा बहुधा लाकडाच्या पोटातूनच घरात शिरतो. आत त्याचे काय चालले आहे याचा महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. मग एक दिवस वाशाखाली, पलंगाच्या पायाशी किंवा देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात मैद्यासारखा बारीक भुसा साचलेला दिसतो आणि वर लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके. ‘लाकडाला भुंगा लागला’ असे म्हणतात ते याच वेळी. पण भोके दिसेपर्यंत पंख फुटलेला किडा बाहेर पडून गेलेला असतो. लाकूड खाल्लेले असते त्याच्या अळीने, आणि तेही आधीच.

भारतातल्या घरांत हा उपद्रव करणाऱ्या जाती बऱ्याच आहेत. सर्वांत जास्त आढळतात ते लिक्टस आणि त्यांचे जवळचे भाऊबंद. बांबूत डायनोडेरस नावाचा तांदळाच्या दाण्याहून लहान किडा असतो. स्ट्रोमॅशियम हा लांब मिशांचा भुंगेरा चांगले वाळलेले लाकूडही सोडत नाही. त्याची अळी आत कित्येक वर्षे राहते, त्यामुळे कपाट घरात येऊन बराच काळ लोटल्यावर त्यातून किडा निघतो आणि सुताराला उगाच बोल लागतो.

लिक्टसची गोष्ट थोडी नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. त्याच्या अळीला लाकडाचा मुख्य घटक, म्हणजे सेल्युलोज, पचत नाही. ती जगते लाकडात साठलेल्या पिष्टावर आणि साखरेवर. झाड जिवंत असताना हा साठा सालीलगतच्या पांढरट लाकडात असतो. मधल्या गडद गाभ्यात तो जवळजवळ नसतोच. मादी अंडी घालण्याआधी लाकूड कुरतडून चाखते. पिष्ट साधारण तीन टक्क्यांच्या खाली असेल तर ती पुढे जाते. लाकडाची छिद्रे अंडी मावण्याएवढी रुंद नसतील तरीही पुढे जाते. म्हणून सागाच्या एकाच फळीत एक कड भुशाने पोकळ झालेली आणि बाकीची फळी शाबूत, असा प्रकार नेहमी दिसतो. पिष्ट नसेल तर हा किडाही नाही. प्रयोगशाळेने हे विसाव्या शतकात सिद्ध केले. लाकूड कापणारे लोक पिष्टाचे नाव न घेता त्याच दिशेने पुष्कळ आधीपासून चालत होते.

लाकडातल्या किड्याशी भारताची ओळख जुनी आहे. घुणाने लाकडात कोरलेल्या रेघांना योगायोगाने अक्षराचा आकार यावा, यावरून संस्कृतात घुणाक्षरन्याय आला आणि तो मराठीतही रुळला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वनसंप्रवेश नावाचा अध्याय आहे. मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात गेल्यावर कोणते झाड तोडू नये याची त्यात यादी आहे. स्मशानातले, वारुळावरचे, वेलींनी आवळलेले, वीज पडलेले, वाऱ्याने मोडलेले, हत्तींनी इजा केलेले, वणव्यात होरपळलेले, आपोआप वाळलेले झाड वर्ज्य मानले आहे. यातले काही धर्मभावनेतून आले हे उघड आहे. पण मोडलेले, होरपळलेले, उभ्या उभ्या वाळलेले झाड म्हणजे किड्यांचे आवडते घर, हे कोणताही वनरक्षक आज सांगेल. शकुन आणि अनुभव या यादीत इतके मिसळले आहेत की एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो.

मराठी मुलखात घराचे लाकूड म्हणजे मुख्यतः साग. पुण्याचा शनिवारवाडा 1730 ते 1732 या काळात उभा राहिला तेव्हा साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुनखडी जेजुरीहून आली. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात. ती वाळवीला आणि अनेक किड्यांना सोसत नाहीत. शिसव, खैर, ऐन, किंजळ यांचे गाभेही टिकाऊ. कोकणात फणसाचे लाकूड घराच्या चौकटींना आणि खांबांना मानाने वापरले जाई. आंबा मात्र भुंग्याचा लाडका. त्याचे लाकूड स्वस्त आणि कापायला सोपे, म्हणून गरिबाच्या घरात तुळईपासून पाटापर्यंत तेच असे आणि काही वर्षांत बदलावेही लागे. सावरीचे लाकूड त्याहून कच्चे. ते घराला कोणी शहाणा माणूस लावत नसे.

चांगले लाकूड सर्वांना मिळत नव्हते हेही लक्षात ठेवले पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाबद्दल स्पष्ट हुकूम आहेत. स्वराज्यातला साग, शिसव वगैरे हुजूर परवानगीने तोडावा. आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन न्यावे. हा हुकूम रयतेच्या कळवळ्यासाठी नेहमी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण चांगल्या सागावर सरकारची आणि जहाजांची नजर असे, ही त्याची दुसरी बाजू. सामान्य घराच्या वाट्याला दुय्यम लाकूड येई, आणि दुय्यम लाकूड टिकवण्याचे कसब खरे तिथेच वाढले.

त्या कसबाचा पहिला भाग तोडीच्या वेळेचा. पावसाळ्यात आणि पालवी फुटण्याच्या दिवसांत झाड तोडायचे नाही. दसरा-दिवाळीनंतर, थंडीत तोडायचे, असा रिवाज महाराष्ट्रातच नव्हे तर भारताच्या बऱ्याच भागांत आहे. बांबूच्या बाबतीत हा नियम जास्तच कडक. पावसाळ्यात नवे कोंब जोमाने वाढतात, त्यात साठ्याचे पिष्ट खर्च होते आणि त्यानंतरच्या थंडीत बांबू तोडला तर किड्याला खायला कमी उरते. उन्हाळ्यात तोडलेला बांबू मांडवाला कसाबसा एक हंगाम काढतो. दुसरा रिवाज चंद्राचा: अंधाऱ्या पंधरवड्यात, विशेषतः अमावास्येच्या सुमारास तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही म्हणतात. ही समजूत आशियाभर आहे, लॅटिन अमेरिकेतही आहे. ऋतूच्या रिवाजाला भक्कम पुरावा मिळाला तसा तिथीच्या रिवाजाला मिळालेला नाही. तरीही कोकणात बांबू तोडणारा आज कॅलेंडरवरची तिथी पाहतोच. त्यातून नुकसान होत नाही. उलट तोड मनाला येईल तेव्हा न होता ठरल्या दिवशी होते.

दुसरा भाग पाण्याचा. तोडलेला बांबू वाहत्या ओहोळात किंवा तळ्यात काही आठवडे दगडांखाली दाबून ठेवायचा. ओंडकेही तळ्यात बुडवून ठेवत. पाण्यात साखर विरघळून जाते, पिष्ट आंबते, आणि बांबू बाहेर काढला की त्याला सडका, नाकाला झोंबणारा वास येतो. तो वास येईपर्यंत बांबू काढायचा नाही, ही साधी परीक्षा. खाडीकाठी ओंडके खाऱ्या पाण्यात आणि चिखलातही ठेवले जात. मात्र तिथे मुक्काम लांबला तर नावांची लाकडे पोखरणारी समुद्री कीड त्यांत शिरण्याची भीती असे. ब्रह्मदेशातल्या सागाच्या धंद्यात निराळीच रीत होती. झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड कापून कडे काढत आणि झाड दोन-तीन वर्षे तसेच उभे वाळू देत. हेतू होता ओंडका हलका होऊन नदीत तरंगावा हा. पण मुळांचा पुरवठा तुटलेले झाड आपला पिष्टाचा साठाही त्या काळात खाऊन टाकते. मुंबईच्या वखारींत ब्रह्मदेशी सागाला जो भाव होता त्यात या गोष्टीचाही वाटा असावा.

मग वाळवणे. सुताराकडे फळ्यांची थप्पी लागे ती सावलीत, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, म्हणजे वारा आरपार जाईल. जाड तुळईला वर्षानुवर्षे लागत. घर बांधायचे ठरले की आधी लाकूड जमवायचे आणि मग दोन-चार वर्षांनी पाया खणायचा, ही जुन्या पिढीची चाल आज हौस वाटते. तेव्हा ती गरज होती. वाळलेल्या लाकडातही लिक्टस येऊ शकतो, म्हणून नुसते वाळवून भागत नाही. तासताना बाहेरचा पांढरट भाग काढून टाकणे हे त्याहून महत्त्वाचे, आणि नेमके तेच खर्चिक, कारण ओंडक्याचा बराच भाग सरपणात जातो. वाड्याच्या खांबात शुद्ध गाभा असे तो यामुळे. घडीव खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा करत, जेणेकरून जमिनीची ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहावीत.

घर उभे राहिल्यावर राखण करी ती चूल. कोकणातल्या कौलारू घरात धुराडे नसे. धूर माळ्यावरून, वाशांमधून, कौलांच्या फटींतून बाहेर जाई. स्वयंपाकघरावरचे वासे काळेकुळकुळीत आणि चकचकीत होत. धुरातले डांबरी अंश लाकडाची छिद्रे बुजवत आणि उष्णतेने लाकूड पावसाळ्यातही कोरडे राही. बियाण्याची कणसे आणि बांबूच्या टोपल्या चुलीवर टांगण्यामागेही हाच हिशेब होता. अशा जुन्या घरात भुंगा पाहायचा असेल तर तो स्वयंपाकघराच्या वर क्वचित सापडतो. सापडतो तो देवघरासारख्या खोलीच्या वर, जिथे धूर पोचत नाही.

तेलांची परंपराही मोठी आहे. उंडीचे, करंजाचे, जवसाचे तेल खांब-चौकटींना चोळत. काजूच्या टरफलांचे काळे, अंगावर पडले तर फोड आणणारे तेल कोकण-गोव्यात होड्यांना आणि वाशांना लावत. अर्थात काजूच पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आला, त्यामुळे ही रीत त्याआधीची असू शकत नाही. तेलाने अळी मरत नाही, निदान खोल गेलेली तरी नाही. ते छिद्रे बंद करते आणि मादीला अंडी घालायला जागा ठेवत नाही. म्हणून तेल लावायचे ते लाकूड निरोगी असतानाच, आणि पुन्हा पुन्हा. घरातल्या पोथ्या तांबड्या फडक्यात वेखंडाबरोबर बांधत, त्यामागची कल्पनाही अशीच: आत शिरलेल्याला मारण्यापेक्षा शिरू न देणे.

या सगळ्यावर वार्षिक तपासणी असे ती शाकारणीची. वैशाखात नळीची कौले उतरवली जात, वासे उघडे पडत आणि घरचा म्हातारा किंवा शाकारणीचा गडी कोयत्याच्या पाठीने एकेक वासा ठोकत पुढे जाई. चांगल्या वाशाचा आवाज खणखणीत, पोकळ वाशाचा बद्द. बद्द आवाजाचा वासा तिथल्या तिथे काढून जाळत. दुसऱ्या कामाला वापरत नसत. घराला वर्षातून एकदा उघडे करून पाहण्याची ही सोय नंतरच्या कोणत्याही बांधकामात राहिली नाही. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. मंगलोरी कौले हळूहळू कोकणभर पसरली आणि दर वर्षी छप्पर उतरवण्याची गरज संपली. श्रम वाचले. वाशांकडे पाहणेही थांबले.

एकोणिसाव्या शतकात लाकडाचा व्यवहारच बदलला. जहाजे, छावण्या आणि मग रेल्वे यांची भूक अफाट होती. मुंबई इलाख्यात 1847 साली अलेक्झांडर गिब्सन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली ती जंगले वेगाने संपत असल्याच्या काळजीतून. मागणी वाढली की ऋतू पाळणे, वाळवणे, पांढरे लाकूड काढून टाकणे या तिन्ही गोष्टी पहिल्यांदा सुटतात. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये वेगळा विचार पुढे येत होता: लाकूड निवडण्यापेक्षा कोणत्याही लाकडाला विष पाजावे. जॉन कायन यांनी 1832 मध्ये पाऱ्याच्या क्षाराचा उपाय आणला. 1838 मध्ये जॉन बेथेल यांनी दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे क्रिओसोट दाबाने लाकडात भरण्याची पद्धत पेटंट केली. रेल्वेच्या स्लीपरांना ती उत्तम लागू पडली. घरात मात्र क्रिओसोट चालत नाही. वास जात नाही, हाताला डाग लागतात आणि वर रंग बसत नाही.

घरातल्या भुंगेऱ्यावरच्या आधुनिक औषधांचा एक धागा भारतातूनच जातो. हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते. भारतीय कीटकांवरचा त्यांचा ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ हा ग्रंथ 1909 चा. पुढे ते लंडनला प्राध्यापक झाले आणि वेस्टमिन्स्टर हॉलच्या छपराचे काम त्यांच्याकडे आले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या या ओक लाकडाच्या छपराच्या तुळया ‘डेथवॉच’ नावाच्या भुंगेऱ्याने आतून पोकळ केल्या होत्या. इमारत खात्याने पोलादाचा आधार देऊन छप्पर वाचवले. किडा मारण्याचे मिश्रण लेफ्रॉय यांनी शोधले. लोक त्यासाठी विचारणा करू लागले तेव्हा 1925 मध्ये त्यांनी कंपनी काढली. तिचे नाव रेन्टोकिल, आज पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात जगभर ऐकू येणारे. त्याच वर्षी प्रयोगशाळेत विषारी वायूचा प्रयोग करताना लेफ्रॉय यांचा अंत झाला.

देहरादूनला 1906 मध्ये वनसंशोधन संस्था स्थापन झाली. तिथे स्टेबिंग आणि त्यांच्यामागून बीसन यांनी भारतीय लाकडातले किडे एकेक करून पाळले, वाढवले, त्यांची आयुष्ये मोजली. बीसन यांचा 1941 चा मोठा ग्रंथ अजून उघडला जातो. पण घराच्या दृष्टीने या संस्थेतले सर्वांत मोठे काम एका भारतीय अभियंत्याचे. सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये आर्सेनिक, मोरचूद आणि डायक्रोमेट यांचे पाण्यात विरघळणारे मिश्रण तयार केले. नाव आस्कू. मोरचूद आणि आर्सेनिक एरवी पावसात धुऊन जातात. क्रोमियममुळे ती लाकडाच्या तंतूंना चिकटून बसतात आणि सहजासहजी निघत नाहीत. आर्सेनिकचे विष किड्याला, तांब्याचे बुरशीला आणि दोन्ही जागच्या जागी. लाकडाला हिरवट छटा येते, पण वास नाही आणि वर रंगही बसतो. भारतातल्या खांबांपासून अमेरिकेतल्या घरांच्या अंगणापर्यंत हे मिश्रण पसरले आणि पुढची कित्येक दशके जगातले ते सर्वांत जास्त वापरले जाणारे लाकूड-रक्षक राहिले. 

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी, आल्ड्रिन, डील्ड्रिन, क्लोर्डेन यांचा जमाना आला. फवारा मारला की काम झाले, अशी सवय लागली. ती लागायला दुसरेही कारण होते. घरातले लाकूडच पालटले होते. सागाच्या जागी जंगली लाकूड, त्यातले पांढरे न काढलेले, आणि मग प्लायवूड. प्लायवूडचे थर बहुधा पिष्टाने भरलेल्या हलक्या लाकडाचे असतात. वरचा पापुद्रा सागाचा असला तरी आतल्या थरांत लिक्टस मजेत राहतो. या थरांसाठी सर्वांत सुटसुटीत उपाय ऑस्ट्रेलियात महायुद्धाच्या सुमारास निघाला: बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात ओला थर बुडवायचा, द्रावण आपोआप आत झिरपते. कोकणात बांबूच्या वस्तू करणारे आज हीच टाकी वापरतात. ओहोळातल्या भिजवणीची जागा तिने घेतली आहे. बोरॉन माणसाला फारसे घातक नाही. दोष एवढाच की पावसात उघड्यावर ते धुऊन जाते.

क्लोरीनयुक्त औषधे मागे पडली ती त्यांच्या टिकाऊपणामुळेच. जे लाकडात वर्षानुवर्षे राहते ते माणसाच्या चरबीतही राहते. भारतात बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली आणि त्याचाच शुद्ध प्रकार असलेल्या लिंडेनचा वापर 2013 मध्ये थांबला. आस्कूच्या कुळातल्या आर्सेनिकयुक्त मिश्रणांचा घरगुती वापर अमेरिकेत 2003 अखेर उत्पादकांनीच सोडून दिला. लाकडातून पृष्ठभागावर येणारे आर्सेनिक लहान मुलांच्या हाताला लागते, हा मुख्य आक्षेप होता. आता लागण झालेल्या लाकडावर बंद खोलीत वायू सोडतात, भोकात सुईने औषध भरतात किंवा लाकूड तापवतात. जागतिक व्यापारात जाणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी 2002 पासून असलेल्या नियमातला एक मान्य मार्ग तापवण्याचाच आहे: गाभ्यात 56 अंश सेल्सिअस, 30 मिनिटे. यात विष नाही, पण लाकूड थंड झाल्यावर पुन्हा भुंगेरा येऊ नये याचीही हमी नाही.

बाजारात मात्र जुनी निवड पुन्हा दिसते. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या दुकानांत येतात आणि सीपी म्हणजे चांदा-बल्लारशाकडच्या नव्या सागाच्या बरोबरीने विकल्या जातात. गिऱ्हाईक तुळईच्या तोंडाकडे पाहते, कडेला नख दाबते, खिळ्यांची भोके मोजते. भुंगा लागलेली पांढरी कड असेल तर दुकानदार ती रंध्याने किंवा करवतीने काढून टाकतो. दीडशे-दोनशे वर्षांत जे पोखरायचे ते पोखरले गेलेले असते आणि उरलेल्या गाभ्यात किड्याला काही राहिलेले नसते. अशा तुळईची किंमत घनफुटावर ठरते आणि तासून गेलेल्या कडेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, यावर दुकानात रोज घासाघीस चालते.